पेरुमाळ मुरुगन यांची 'पूक्कुळी' गटाने वाचायची आहे, लेखकालाही भेटायचं आहे. तयारी कशी करावी?

पानगळ

आमच्या पुण्यातल्या वाचनगटाने पुढचं पुस्तक म्हणून तमिळ लेखक पेरुमाळ मुरुगन यांची 'पूक्कुळी' घेतली आहे. मूळ तमिळ कादंबरी २०१३ ची. आम्ही वाचणार ते अनिरुद्धन वासुदेवन यांचं 'पायर' हे २०१६ चं इंग्रजी भाषांतर. गटात बारा जण आहेत, त्यातल्या चौघांना इंग्रजी कादंबरी सलग वाचायची सवय नाही. येत्या हिवाळ्यात जवळपासच्या एखाद्या साहित्य महोत्सवात मुरुगन यांचं सत्र असलं, तर सगळ्यांनी मिळून जायचं आणि जमलंच तर सत्रानंतर वीस-पंचवीस मिनिटं त्यांच्याशी बोलायचं, असा बेत आहे.

अडचणी अशा. पुस्तक लहान आहे पण फार काळोखं आहे. एका बैठकीत संपवलं तर चर्चा 'किती भयंकर' या दोन शब्दांवरच थांबेल अशी भीती वाटते. ते किती भागांत वाचावं आणि कुठे थांबावं? आंतरजातीय लग्नाची गोष्ट म्हटल्यावर सगळे लगेच 'सैराट'वर जातील, ते कसं आवरायचं? लेखक तमिळमध्ये बोलतात, मग दुभाष्यामार्फत प्रश्न कसे विचारावेत? आणि २०१५ साली त्यांच्यावर जे गुदरलं त्याबद्दल विचारावं की विचारू नये? यावर गटात दोन तट पडले आहेत.

ज्यांनी हे पुस्तक नीट वाचलंय किंवा अशा भेटी घडवून आणल्या आहेत त्यांनी तपशिलात लिहावं, ही विनंती.

---

अक्षरवाट

खाली शेवट उघड केला आहे. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी हा प्रतिसाद पुस्तक संपल्यावर वाचावा.

पुस्तक साधारण दोनशे पानांचं आहे आणि प्रकरणं छोटी आहेत. चार बैठका करा, आठवड्याला एक. इंग्रजीची सवय नसलेला वाचक तासाला वीस-पंचवीस पानं वाचतो, म्हणजे आठवड्याचा भाग दोन-अडीच तासांत होतो. याहून जास्त दिलं की लोक गोषवारा वाचून येतात. या कादंबरीत गोषवारा वाचून हाती काही लागत नाही, कारण कथानक चार ओळींत मावतं. सरोजा आणि कुमरेसन पळून जाऊन लग्न करतात. तो तिला आपल्या गावी, काट्टुप्पट्टीला आणतो. गाव तिची जात विचारत राहतं, मग दोघांना वाळीत टाकतं, आणि शेवटी तिच्या जिवावर उठतं. पुस्तकाचं सगळं बळ हे किती सावकाश आणि किती साध्या बोलण्यातून होत जातं यात आहे.

पहिली बैठक दोघं बसमधून उतरतात तिथपासून कुमरेसनच्या आईच्या, मारायीच्या, झोपडीतल्या पहिल्या रात्रीपर्यंत. ही सुरुवातीची पानं मोठ्याने वाचा. डोक्यावर तळपतं ऊन, रस्त्याकडेची झाडं, कधी न पाहिलेल्या गावाकडे नवऱ्यामागून चालणारी मुलगी, आणि 'तू काही बोलू नकोस, मी सांभाळतो' हा त्याचा धीर. हा धीर वाचकाला सुरुवातीला प्रेमळ वाटतो. तो पेन्सिलीने खुणावून ठेवा. कादंबरीभर तो हेच म्हणत राहतो आणि तिला कशाचीच पूर्वकल्पना देत नाही. त्याचा हा भाबडा भरवसा गावाच्या क्रौर्याइतकाच घातक ठरतो. माझ्या मते पुस्तकातली सर्वांत दुखरी गोष्ट तीच आहे, आणि गटाने तिथे वेळ घालवायला हवा.

दुसऱ्या बैठकीत तोळूरच्या आठवणी घ्या. सरोजा तिथे वडील आणि भावाबरोबर राहते, ते दोघं चामड्याच्या कामावर जातात, आणि कुमरेसन त्याच वस्तीत सोड्याचं काम शिकायला आलेला असतो. इथे वाचक हमखास गोंधळतात, कारण वर्तमान आणि भूतकाळ आलटून पालटून येतात आणि वर 'दोन महिन्यांपूर्वी' असा मथळा कुठे नसतो. वहीचं पान उभं दुमडा, डावीकडे तोळूर, उजवीकडे काट्टुप्पट्टी, आणि प्रत्येक प्रकरणाला एकेक ओळ. आठ-दहा ओळी झाल्या की दिसू लागतं की गावात काहीतरी टोचलं की लगेच तोळूर आठवतं. आठवण कुठे येते याला कारण आहे.

तिसऱ्या बैठकीत आजोळी झालेली मारहाण, गावाची बैठक, बहिष्कार आणि विरिचिपाळयमचं सोड्याचं दुकान. चौथीत उरलेलं सगळं. शेवटची प्रकरणं मध्ये न थांबता वाचा. सरोजा काटेरी झुडपांत लपलेली असते, ती झुडपं पेटवली जातात, आणि सायकलचा आवाज तिच्या कानी येतो. मुरुगन तिथेच थांबतात. 'मग ती वाचली का?' यावर तासभर वाद घालण्याचा मोह सगळ्यांना होतो. तो दहा मिनिटांत आटपा आणि त्याऐवजी मागे जा. पेटवणाऱ्यांत कोण कोण आहे, त्यातलं प्रत्येक माणूस आपल्याला पहिल्यांदा कुठे भेटलं होतं, आणि तेव्हा ते काय करत होतं? हे शोधताना पुस्तक दुसऱ्यांदा उघडतं.

एक गोष्ट सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. या कादंबरीत कोणत्याही जातीचं नाव घेतलेलं नाही. 'ते कोण असतील' हा अंदाजाचा खेळ गटात सुरू झाला की चर्चा संपली म्हणून समजा. नाव नसल्यामुळे वाचकाला आपल्या गावाचं नाव आपसूक भरावं लागतं. लेखकाने ती जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली आहे, ती आपण बुजवू नये.

---

गोटीसोडा

अक्षरवाट यांनी वाचनाचं चांगलं सांगितलंय. मी फक्त सोड्याबद्दल लिहितो, कारण वाचनगट तो भाग 'स्थानिक रंग' म्हणून ओलांडून जातात आणि गोष्टीचा कणाच निसटतो.

आपल्याकडे जत्रेत मिळतो तोच गोटी सोडा. बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी, तोंडाशी आतल्या बाजूला रबराची चकती. बाटलीत पाणी भरायचं, ती यंत्राच्या खोबणीत अडकवायची, नळीतून सिलिंडरचा वायू सोडायचा आणि दांड्याने यंत्र फिरवायचं. बाटली उलटी होते, गोटी घरंगळत तोंडाशी येते आणि आतल्या दाबाने चकतीला घट्ट बसते. झाकण लागत नाही. हिरम कॉड या इंग्रजाने या बाटलीचं पेटंट १८७० च्या दशकात घेतलं. दाब जास्त झाला किंवा काचेला बारीक तडा असला तर बाटली हातात फुटते, म्हणून हे काम कुणाच्या तरी हाताखाली शिकावं लागतं. दांडा किती फिरवायचा ते हाताला कळायला वेळ जातो.

आता हे कादंबरीत ठेवून बघा. कुमरेसनकडे शेती म्हणावी अशी नाही. आई एकटी, वडील लहानपणीच गेलेले, राहायला उघड्या खडकावरची झोपडी. जमीन असलेल्या नातेवाइकांपुढे त्याची पत नाही. सोडा हा त्याचा गावावर अवलंबून न राहता रोख पैसा कमवायचा एकमेव मार्ग आहे. त्या कामासाठीच तो तोळूरला गेला, म्हणूनच सरोजा भेटली. बहिष्कार पडल्यावरही धंदा चालू राहतो, कारण गिऱ्हाईक विरिचिपाळयमचं आहे, गावचं नाही. पण दुकान दूर, म्हणून तो सकाळी सायकलवरून जातो आणि उशिरा येतो, आणि तेवढे तास सरोजा त्या खडकावर मारायीच्या शिव्याशापांसोबत एकटी असते. ज्या धंद्याने संसार उभा राहायचा त्याच धंद्याने ती एकटी पडते. शेवटचा प्रसंग घडतो तोही तो बाहेर असताना. सायकलचा आवाज शेवटच्या ओळींत का येतो, हे यातून कळतं.

मुरुगन यांचे वडील शेतीला जोड म्हणून चित्रपटगृहात सोड्याचं दुकान चालवत. हे काम लेखकाने जवळून पाहिलेलं आहे. त्यांची 'निळल मुट्रम' ही सुरुवातीची छोटी कादंबरी अशाच एका लहान शहरातल्या चित्रपटगृहात सोडा विकणाऱ्या पोरांवर आहे. व्ही. गीता यांनी तिचं 'करंट शो' नावाने इंग्रजी भाषांतर केलंय. गटातल्या एकाने तरी ती वाचून यावं. भेटीत सोड्याबद्दल एक नेमका प्रश्न विचारला तर तो इतर कुणी विचारलेला नसण्याची शक्यता मोठी आहे.

---

कायद्याचं पान

तिसऱ्या बैठकीत कुणीतरी नक्की म्हणेल, 'मग ते पोलिसांत का गेले नाहीत?' त्यासाठी थोडी तयारी.

कादंबरीत साल दिलेलं नाही. पण सायकली, एसटीसारख्या बसगाड्या, फोनचा पत्ता नाही, यावरून काळ काही दशकांपूर्वीचा दिसतो. तेव्हा वाळीत टाकणं हा स्वतंत्र गुन्हा म्हणून कुठे नोंदवावा, हा प्रश्नच होता. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ साली केला आणि तो जुलै २०१७ पासून लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. लग्नाला, अंत्यविधीला, सणाला येऊ न देणं, व्यवहार तोडणं, देवळात किंवा पाणवठ्यावर अडवणं अशी कृत्यं त्यात येतात. कादंबरीतल्या गावच्या बैठकीचं प्रकरण या कायद्याच्या व्याख्येशेजारी ठेवून वाचा. कोण बोलतं, ठराव कोणत्या शब्दांत होतो, देवाच्या जत्रेचं कारण कसं पुढे केलं जातं, आणि जो मनाने विरोधात आहे तो गप्प कसा बसतो, हे त्या दोन-तीन पानांत लेखकाने विलक्षण नेमकं पकडलंय. कुणी ओरडत नाही. सगळं रीतसर होतं.

दुसरं, सर्वोच्च न्यायालयाने शक्ती वाहिनी खटल्यात मार्च २०१८ मध्ये स्पष्ट केलं की दोन सज्ञान व्यक्तींचं लग्न रोखण्यासाठी भरवलेली कुठलीही जातपंचायत किंवा मेळावा बेकायदा आहे. अशा जोडप्यांसाठी जिल्हावार सुरक्षित निवारा करण्याचा विचार राज्यांनी करावा, असंही त्यात आहे. गटातल्या कुणाला चर्चेपलीकडे या माहितीची गरज असू शकते. बारा माणसांत असं कुणी निघणं अजिबात अशक्य नाही, म्हणून ही माहिती सहज बोलण्यात येऊ द्या.

कादंबरी धर्मपुरीच्या इळवरसन या तरुणाला अर्पण केलेली आहे. त्याचं आंतरजातीय लग्न आणि जुलै २०१३ मधला त्याचा मृत्यू तमिळनाडूत खूप गाजले. अर्पणपत्रिकेचं पान उलटून पुढे जाऊ नका.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. इंग्रजी न झेपणाऱ्या चौघांसाठी कुणी प्रकरणांचं मराठी भाषांतर करून व्हॉट्सॲपवर टाकेल. हेतू चांगला असला तरी भाषांतराचा हक्क लेखकाचा असतो, आणि अशी प्रकरणं गटाबाहेर जायला वेळ लागत नाही. तोंडी सारांश सांगा, बैठकीत उतारे वाचून मराठीत समजावा, त्याला काही हरकत नाही. पुस्तकाची पीडीएफ फिरवणं तर नकोच. लेखकाला भेटायला जाणाऱ्यांच्या हातात विकत घेतलेली किंवा वाचनालयातली प्रत असावी.

---

दुभाषी

भेटीबद्दल लिहिते. दुभाष्यासह होणाऱ्या संवादात वेळेचं गणित वेगळं असतं. प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जातं, म्हणून पंचवीस मिनिटांत खऱ्या अर्थाने बारा मिनिटं मिळतात. त्यात चार प्रश्न बसतात, फार तर पाच. बारा जणांनी बारा प्रश्न नेले तर आठ जण हिरमुसून परततील. चार प्रश्न गटाने आधी ठरवावेत, दोन राखीव ठेवावेत आणि कोण विचारणार तेही ठरवावं.

प्रश्न मराठीत सुचला तरी लिहून काढा सोप्या इंग्रजीत, कारण महोत्सवात मिळणारा दुभाषी बहुधा इंग्रजी-तमिळ असा असतो. मराठी-तमिळ थेट करणारं माणूस मिळालं तर उत्तम, पण त्यावर विसंबू नका. एका प्रश्नात दोनच वाक्यं, पंचवीस-तीस शब्द. पहिल्या वाक्यात पुस्तकातली जागा, दुसऱ्यात प्रश्न. 'मला असं वाटतं की' ने सुरू होणारी प्रस्तावना दुभाष्याला सर्वांत जड जाते, कारण प्रश्न कुठला आणि मत कुठलं हे शेवटपर्यंत कळत नाही, आणि मग तो आपल्या अंदाजाने भलताच प्रश्न तमिळमध्ये विचारतो. पुष्कळ बिघडलेल्या भेटींचं मूळ इथेच असतं.

पुस्तकाचं नाव घेताना 'पायर' म्हणू नका, 'पूक्कुळी' म्हणा. त्यांच्या आधीच्या कादंबरीलाही 'वन पार्ट वुमन' या इंग्रजी नावाऐवजी 'मादोरुबागन' म्हणा. लेखकाच्या मनात ती पुस्तकं त्या नावांनी आहेत आणि दुभाष्यालाही थांबून विचार करावा लागत नाही. पात्रांची नावं तमिळ उच्चारात एकदा ऐकून घ्या.

बसताना लेखकाच्या शेजारी दुभाषी, समोर विचारणारा. नजर लेखकाकडे ठेवा. दुभाष्याकडे बघून 'त्यांना विचारा की' असं बोलू नका, थेट 'तुम्ही' म्हणून विचारा. उत्तर चालू असताना वही पूर्णवेळ एकाकडेच द्या, बाकीच्यांनी ऐकावं. प्रश्नांची छापील प्रत दोन-चार दिवस आधी आयोजकांमार्फत दुभाष्याकडे पोचली तर उत्तरं कितीतरी खोल मिळतात.

भाषेबद्दल एक चांगला प्रश्न इथे दडलेला आहे. मुरुगन पश्चिम तमिळनाडूतल्या कोंगू भागातली बोली लिहितात, आणि त्या भागाच्या बोलीशब्दांचा कोशही त्यांनी केला आहे. सरोजा दुसऱ्या गावची, तिचं तमिळ वेगळं. काट्टुप्पट्टीत ती परकी ठरते ती रूपावरून आणि बोलण्यावरूनही. इंग्रजीत हा फरक बराचसा सपाट होतो. मारायीच्या विलापांचंही तेच. ती उंबऱ्यात बसून, येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल असं रडगाणं लावते, त्याला मूळ भाषेत मर्तिकाच्या गाण्याचा ताल आहे. 'मारायीचा विलाप लिहिताना कोणती गाणी कानात होती?' असं विचारलंत तर लेखक कदाचित एखादी ओळ म्हणूनही दाखवतील.

---

वेशीबाहेर

२०१५ च्या प्रकरणावर. माझं मत स्पष्ट आहे, विचारू नये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'मादोरुबागन' ही कादंबरी २०१० ची. तिरुचेंगोडे या देवस्थानाच्या गावात घडते. काली आणि पोन्ना या मूल नसलेल्या जोडप्याची गोष्ट, आणि तिच्या मध्यभागी जत्रेतल्या एका रात्रीची प्रथा, जिच्यात मूल नसलेल्या बाईला परपुरुषापासून मूल होऊ देण्याची मुभा असते. चार वर्षं कुणी काही म्हणालं नाही. इंग्रजी भाषांतर आल्यावर डिसेंबर २०१४ मध्ये निदर्शनं सुरू झाली, पुस्तकाच्या प्रती जाळल्या, गावात बंद पाळला गेला. १२ जानेवारी २०१५ ला नामक्कलला प्रशासनाने बोलावलेल्या बैठकीत त्यांच्याकडून बिनशर्त माफी लिहून घेतली गेली. त्यानंतर त्यांनी फेसबुकवर जाहीर केलं की लेखक पेरुमाळ मुरुगन मेला, आणि आपली पुस्तकं विकू नयेत असं प्रकाशकांना सांगितलं. जुलै २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती तडजोड बंधनकारक नसल्याचं म्हटलं, पुस्तकावर बंदीची मागणी फेटाळली, आणि लेखकाने पुन्हा लिहावं असं निकालात सुचवलं.

हे सगळं छापून आलेलं आहे आणि प्रत्येक मुलाखतीत विचारलं गेलंय. वीस मिनिटांतली पाच त्यात घालवणं म्हणजे ज्या माणसाने त्यातून बाहेर येऊन पुन्हा कादंबऱ्या लिहिल्या त्याला परत त्याच खोलीत नेऊन बसवणं. 'काट्टुप्पट्टी म्हणजे खरं कुठलं गाव?', 'मारायी तुमच्या ओळखीत कोण?' हे प्रश्न तर त्याहून वाईट. लहान गावावर लिहिणाऱ्या लेखकाचे शेजारी हयात असतात. सभागृहातलं उत्तर कुणीतरी मोबाईलवर टिपतं आणि तीन दिवसांत ते गावात पोचतं. त्याचे परिणाम तुम्हाला भोगावे लागत नाहीत, त्याला लागतात.

---

अक्षरवाट

वेशीबाहेर, गावाचं नाव विचारू नये याला शंभर टक्के दुजोरा. २०१५ बद्दल मात्र थोडं वेगळं म्हणेन. घटनेबद्दल विचारू नये, लिखाणाबद्दल विचारायला हरकत नाही. पुनरागमनानंतरची त्यांची 'पूनाच्ची' ही कादंबरी एका काळ्या शेळीची आहे. माणसांवर लिहिण्याऐवजी शेळीवर का लिहिलं, हे त्यांनी तिच्या प्रस्तावनेत स्वतःच सांगितलंय. ती वाचून जा आणि विचारा की 'पूक्कुळी'तलं गाव लिहिताना हात जसा चालला तसा त्यानंतर गाव लिहिताना चालतो का. यात त्यांना किती बोलायचं ते त्यांच्या हातात राहतं.

'सैराट'चं राहिलं. त्याला बंदी घालू नका, लोकांच्या मनात येणारच. फक्त पहिल्या तीन बैठकांत नको आणि चौथीत पंधरा मिनिटं ठेवा. तुलना करायचीच तर एका मुद्द्यावर करा: पळून गेल्यानंतर जोडपं कुठे जातं. तिथे दोघं घरापासून लांब, परक्या शहरात जातात. इथे कुमरेसन सरोजाला थेट स्वतःच्या घरी नेतो, कारण आपली माणसं राग ओसरला की जवळ घेतील यावर त्याचा विश्वास आहे. पुढचं सगळं या एका निर्णयाने ठरतं. आणि लेखकासमोर हे नाव काढण्याची गरज नाही.

---

पानगळ

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन बारीक प्रश्न राहिलेत. चार प्रश्नांचा क्रम कसा लावावा? आणि सह्या आधी घ्याव्यात की नंतर? शिवाय गटातल्या दोघींना काळोख्या पुस्तकांचा त्रास होतो, त्यांना शेवटचा भाग वाचायला लावावा का?

---

दुभाषी

त्रास होणाऱ्यांना काय येणार आहे ते आधी सांगा: मारहाण, सततचे अपमान, गरोदर स्त्रीवरचा हल्ला, आग. मग त्यांनी ठरवावं. चौथ्या बैठकीला वाचून न येताही त्या बसू शकतात, पेटवण्याच्या प्रसंगी बाहेर जाऊ शकतात. 'साहित्य आहे, सोसायला हवं' असा दबाव गटाने आणू नये. ती बैठक रात्री उशिरा न ठेवता रविवारी सकाळी ठेवा. चर्चेनंतर अर्धा तास चहाला मोकळा ठेवला की कुणी तसंच जड डोक्याने घरी जात नाही.

क्रमाचं म्हणाल तर पहिला प्रश्न हाताला लागेल असा हवा, सोड्याचा किंवा खडकावरच्या झोपडीचा. वस्तूबद्दल विचारलं की बोलणारा मोकळा होतो आणि दुभाष्यालाही सूर सापडतो. दुसरा मारायीच्या विलापाचा. तिसरा कुमरेसनच्या भरवशाबद्दल; हा सर्वांत वजनदार, म्हणून वेळ असतानाच घ्या. चौथा 'पूनाच्ची'चा किंवा जातीचं नाव न घेण्याचा. शेवट खरा काय, हे विचारू नका. 'मादोरुबागन'च्या पुढे त्यांनी दोन वेगळ्या कादंबऱ्या लिहून दोन वेगळ्या शक्यता तपासल्या, इथे मात्र गोष्ट तिथेच सोडली. त्या फरकाबद्दल विचारायचं असेल तर तो राखीव प्रश्न म्हणून चालेल.

सह्या शेवटी. आधी घेतल्या की रांग लागते आणि वेळ तिथेच जातो. प्रत्येकाने पुस्तक नावाच्या पानावर उघडून, त्यात आपलं नाव मोठ्या रोमन अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी ठेवून द्यावं, कारण देवनागरी त्यांना वाचता येईल असं गृहीत धरू नये. एकाने सगळ्या प्रती गोळा करून एकत्र समोर ठेवल्या तर बारा सह्या पाच मिनिटांत होतात. एकाकडे एकच प्रत, जुन्या-नव्या सगळ्या पुस्तकांचा गठ्ठा नको. फोटो विचारून, सगळ्यांचा मिळून एक. ध्वनिमुद्रण करायचं असेल तर आयोजक आणि लेखक दोघांची परवानगी बोलणं सुरू होण्याआधी घ्या, आणि नाही म्हणाले तर यंत्र पिशवीत ठेवून ते त्यांना दिसू द्या.